वसंतातली पहिली पक्षी-फेरी: कोकण किनाऱ्यावरील नवख्यांसाठी

होळीपासून चैत्राच्या अखेरीपर्यंतचा दीड महिना कोकण किनाऱ्यावर पक्षी पाहायला शिकण्यासाठी सर्वांत सोयीचा असतो. स्थानिक पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू होत असल्याने एरवी झुडपात दडून राहणारे पक्षी उघड्या फांदीवर बसून गातात. हिवाळी पाहुण्यांपैकी बरेच जण अजून परतलेले नसतात आणि काहींनी तर जाण्यापूर्वीच विणीचा पेहराव चढवलेला असतो. शिवाय पांगारा आणि काटेसावर फुलांनी लालभडक होतात तेव्हा त्यांच्या अंगावर पान नसते, त्यामुळे पक्षी शोधायला मान फारशी मोडावी लागत नाही. हा लेख जाणत्या मार्गदर्शकाबरोबर पहिल्यांदाच सकाळच्या फेरीला जाणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणे बहुतेक दापोली तालुक्यातील आंजर्ले परिसराची आहेत, कारण माझ्या पायांखालची वाट ती आहे. पण आगर (माड-पोफळीची बाग), खाजण (खाडीकाठची खारी, चिखलट जमीन) आणि पुळण (समुद्रकाठची वाळू) ही तीन ठिकाणे अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोठेही थोड्याफार फरकाने अशीच भेटतात.

दिवस ठरवताना तिथी पाहावी

नवखा माणूस रविवार पाहून दिवस ठरवतो. किनाऱ्यावरच्या फेरीसाठी एवढे पुरत नाही, कारण पुळणीवरचे पक्षी घड्याळाप्रमाणे नव्हे, भरती-ओहोटीप्रमाणे दिसतात. जुन्या कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून पूर्ण भरती सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास येते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते. प्रत्यक्षात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण फेरी आखायला हा हिशेब पुरेसा आहे.

पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते आणि सात-साडेसातनंतर पाणी वेगाने चढू लागते. चढते पाणी दूरच्या ओल्या वाळूवर विखुरलेले पक्षी हळूहळू तुमच्याकडे ढकलत आणते, म्हणून या दिवसांत आधी आगर आणि शेवटी पुळण असा क्रम ठेवावा. अष्टमीच्या आसपास क्रम उलटा करावा. तेव्हा उजाडताना पाणी नुकतेच उतरू लागलेले असते आणि पक्षी उरलेल्या अरुंद वाळूवर दाटीने उभे असतात, म्हणून आधी पुळण गाठावी. चतुर्थीला मात्र नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते, पक्षी दूर पाण्याच्या रेषेवर ठिपक्यांएवढे दिसतात आणि नवख्याची निराशा होते. त्या दिवशी पुळण सोडून द्यावी आणि सगळा वेळ आगरात घालवावा.

होळी पौर्णिमेलाच असते, म्हणजे या हिशेबाने दिवस उत्तम. परंतु शिमग्यात गावचा मार्गदर्शक पालखीबरोबर रात्रभर नाचलेला असतो आणि ढोलांनी आगरातले पक्षीही बिचकलेले असतात. त्यापेक्षा पाडव्याच्या मागचापुढचा दिवस बरा. नाव नोंदवताना तीन गोष्टी विचाराव्यात: गटात किती जण असतील, चाल किती आहे आणि दुर्बीण मिळेल की आपली आणावी लागेल. गट दहा-बारा जणांहून मोठा असेल तर दुसरी तारीख मागावी, कारण पाखाडीवर, म्हणजे आगरातल्या अरुंद दगडी पायवाटेवर, रांगेच्या शेवटी चालणाऱ्याला फक्त उडालेल्या पक्ष्यांच्या पाठी दिसतात.

आदल्या संध्याकाळी: दुर्बिणीशी ओळख

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. नवख्याने आठपटीहून अधिक शक्तीच्या मागे लागू नये, कारण शक्ती वाढली की हाताचा कंपही तेवढाच वाढतो आणि दिसणारा परिसर आकसतो. दुर्बीण कोणाचीही असो, संध्याकाळी अंगणात उभे राहून ती स्वतःच्या डोळ्यांना जुळवून घ्यावी. चष्मा असेल तर डोळ्यांपाशी असलेली रबरी कडी आत फिरवावीत, नसेल तर बाहेर ओढावीत. मग उजवे भिंग हाताने झाकून मधले चाक डाव्या डोळ्याला माडाच्या झावळीचे टोक स्पष्ट दिसेपर्यंत फिरवावे. त्यानंतर डावे भिंग झाकून, मधले चाक न हलवता, फक्त उजव्या भिंगापाशी असलेले कडे फिरवून तेच टोक उजव्या डोळ्याला स्पष्ट करून घ्यावे. ते कडे जिथे थांबले तो आकडा लक्षात ठेवावा. दुसऱ्या दिवशी दुर्बीण चार हातांतून फिरून तुमच्याकडे परत येईल तेव्हा त्याची आठवण येईल.

याहून महत्त्वाची सवय म्हणजे नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांवर आणणे. पक्षी दिसला की बहुतेक जण खाली दुर्बिणीकडे पाहतात, ती उचलतात आणि मग झाडभर पक्षी शोधत बसतात. तसे न करता पक्ष्यावर खिळलेली नजर तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांपुढे आणावी. अंगणातल्या कावळ्यावर वीसेक वेळा हा सराव केला की हात वळण घेतो, आणि कावळा या कामाला पुरेसा स्वस्थ बसतो.

कपडे मातकट किंवा पानांच्या रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. पांढरा सदरा लांबूनही चमकतो. खाजणात पाऊल रुतते, म्हणून पट्ट्याच्या चपला नकोत. पाणी, टोपी, छोटी वही आणि शिसपेन्सिल एवढे पुरते. शाई घामाने पसरते. फेरी दोडामार्ग किंवा त्याच्या आसपासच्या रानात असेल तर मार्गदर्शकाला गोचिडींमार्फत पसरणाऱ्या माकडतापाबद्दल आवर्जून विचारावे आणि गोचिडी अंगावर चढणार नाहीत असे पाय झाकणारे कपडे घालावेत.

अंधारातला पाऊण तास

मार्चच्या मध्यावर येथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि फेरी सहाला सुरू होते. हा पाऊण तास पुष्कळांना वाया गेल्यासारखा वाटतो, कारण काहीच दिसत नाही. माझ्या मते फेरीचा सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. डोळ्यांना काम नसते तेव्हाच कान उघडतात, आणि आगरात पानांआडचा पक्षी दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येतो. दुर्बीण गळ्यात राहू द्यावी, एका जागी उभे राहावे आणि प्रत्येक नव्या आवाजाला एक बोट मिटावे. नाव माहीत नसले तरी चालते.

बहुधा पहिले बोट दयाळाचे असते. पावसाळ्यानंतर महिनोन्महिने गप्प बसलेला हा काळापांढरा पक्षी या दिवसांत माडाच्या शेंड्यावर किंवा घराच्या कोन्यावर बसून लांबलचक शीळ घालतो आणि दर खेपेला तिची चाल थोडी बदलतो. कोकिळेचा आवाज वेगळा सांगायला नको, मात्र ‘कुहू’ घालणारा नर असतो हे लक्षात ठेवावे. मादी ‘किक-किक-किक’ असे तुटक, घाईचे ओरडते. जमिनीलगतच्या झुडपातून रिकाम्या रांजणात फुंकल्यासारखा घुमणारा ‘ऊप-ऊप-ऊप’ हा भारद्वाजाचा. तीन सुरांत चढत जाणारी आणि तापल्या दुपारीही न थांबणारी ‘पेरते व्हा’ ही हाक पावश्याची. ती मार्चमध्ये कुठे कुठे ऐकू येऊ लागते आणि पावसापर्यंत वाढत जाते.

मोबाइलवरचे मर्लिन हे ॲप आवाज ऐकून नाव सुचवते आणि नवख्याला त्याचा उपयोग होतो, पण त्याचा निकाल अंतिम समजू नये. भृंगराज आणि हरेवा हे पक्षी इतरांच्या नकला करतात; एकाच झाडावरून पाच मिनिटांत चार नावे पडद्यावर उमटली तर आधी या दोघांचा संशय घ्यावा. त्याहून मोठी चूक म्हणजे ॲपमधला आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलावणे. विणीच्या दिवसांत नराला तो हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी वाटतो आणि तो गाणे, खाणे, पिलांचे पोषण सगळे सोडून भांडायला येतो. चांगला मार्गदर्शक हे करत नाही, आणि गटातल्या कोणी केले तर त्याला थांबवतो.

आगरात: एका पक्ष्याला पाच मिनिटे

उजाडल्यावर गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने पाखाडीवरून चालताना गटाला पक्षी दाखवण्यासाठी घड्याळाची खूण वापरतात. झाडाचा शेंडा म्हणजे बारा आणि बुंधा म्हणजे सहा. ‘पोफळीच्या मागचा आंबा, दहाच्या जागी वाळकी फांदी’ असे सांगितले की सगळ्यांची नजर एका ठिकाणी पोहोचते. ‘तो बघा, तिकडे!’ असे ओरडून बोट दाखवल्याने पक्ष्याखेरीज कोणालाच काही कळत नाही.

पहिला अभ्यास तांबटावर करावा असे मी सुचवीन. तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा ‘टुक-टुक-टुक’ हा त्याचा आवाज सर्वांच्या कानावरून गेलेला असतो, पण पक्षी पाहिलेले थोडेच. तो चिमणीहून जरासा मोठा, ठेंगणा आणि पानासारखा हिरवा असतो. कपाळ लाल, गळा पिवळा, गळ्याखाली लाल पट्टा. आवाजाची दिशा सारखी फसवते, कारण दर ‘टुक’ला तो मान डावीउजवीकडे वळवतो. म्हणून आवाजामागे धावू नये. सकाळच्या उन्हात आलेला झाडाचा सर्वांत उंच, निष्पर्ण शेंडा शोधावा. सापडला की दुर्बिणीतून गळा पाहावा. चोच मिटलेलीच असते आणि प्रत्येक ठोक्याला गळ्यावरची पिसे फुगून खाली बसतात. हे एकदा पाहिले की तो आवाज पुन्हा कधी अनोळखी राहत नाही.

केळीच्या वाकलेल्या फुलापाशी शिंजीर घिरट्या घालतात. उन्हात आला की निळा-जांभळा चमकणारा नर आणि पोटाशी पिवळसर, साधी मादी हे एकाच जातीचे आहेत हे नवख्याला पटायला वेळ लागतो. कोकिळेच्या बाबतीत मीही तसाच फसलो होतो. माझ्या पहिल्या फेरीत आंब्याच्या फांदीवर तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला, लांब शेपटीचा एक पक्षी दिसला आणि मी वहीत मोठ्या आनंदाने ‘ठिपक्यांचा ससाणा’ असे लिहून टाकले. मार्गदर्शक काकांनी वही पाहिली आणि एवढेच विचारले, “डोळा कसला होता?” लाल, मी म्हणालो. “मग ती कोकिळा.” नर काळा कुळकुळीत असला तरी दोघांचाही डोळा लालच असतो. तेव्हापासून मी नाव सुचण्याआधी डोळा, चोच आणि पाय यांचा रंग लिहितो, आणि तुम्हीही तसेच करावे.

फुललेला पांगारा सापडला तर तेथे अर्धा तास तरी थांबावे आणि मार्गदर्शक घाई करत असेल तर त्याला तसे सांगावे. चालत राहून जेवढे पक्षी दिसतात त्याहून अधिक पक्षी मध प्यायला एका झाडावर येतात: कावळे, मैना, लालबुड्या आणि शिपाई असे दोन्ही बुलबुल, कोतवाल, हरेवा. या सगळ्यांवर दंगा घालणारा थवा भोरड्यांचा असतो. गुलाबी अंग, काळे डोके आणि काळे पंख अशा या मैनेला काही ठिकाणी पळस मैना असेही म्हणतात. हिवाळा येथे काढून वसंतात ती मध्य आशियाकडे विणीला परतते आणि त्या प्रवासाआधी पांगारा-सावरीच्या फुलांवर तुटून पडते. थव्यात मळकट, गुलाबी छटाही नसलेले पक्षी दिसले तर ती निराळी जात समजू नये; ती गेल्या विणीची पिले असतात. भोरड्या मोजण्याचा सराव येथेच होतो. आधी दहा पक्षी नीट मोजावेत, त्या दहांनी झाडाचा किती भाग व्यापला ते डोळ्यांत भरून घ्यावे आणि मग असे भाग किती होतात ते पाहावे.

दक्षिण कोकणातल्या देवरायांतून जाणाऱ्या फेऱ्यांत धनेशाचे दर्शन होऊ शकते. या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर तिला त्या फटीतून फळे भरवतो. नर माणसांना पाहून बिचकला तर आत मादी आणि पिले उपाशी राहतात. म्हणून ढोलीच्या झाडापाशी नेण्याचे आमिष कोणी दाखवले तर जाऊ नये. वडा-उंबरावर फळे खायला आलेला धनेश लांबूनही भरपूर दिसतो आणि उडताना त्याच्या पंखांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

खाजणाच्या बांधावरून

येथे फार वेळ लागत नाही. बांधावरून उतरू नये, तिवरांच्या (खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांच्या) मुळांत शिरू नये, आणि खंड्याची जातकुळी तपासावी. पांढऱ्या छातीचा, तपकिरी डोक्याचा खंड्या सर्वत्र असतो. काळी टोपी आणि जांभळट-निळी पाठ असलेला दिसला तर तो काळ्या टोपीचा खंड्या, आणि कांदळवन ही त्याची आवडती जागा. काळापांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तरंगतो आणि सरळ खाली सुटतो. बगळ्यांत गाय बगळ्याच्या डोक्या-मानेवर या दिवसांत केशरी रंग चढलेला असतो. पाटीसारखा गडद करडा बगळा दिसला तर तो समुद्र बगळा. पण हाच पक्षी पूर्ण पांढऱ्या रूपातही आढळतो आणि कधी कधी दोन्हींच्या मधल्या रंगाचाही, त्यामुळे येथे रंगावर फार विसंबू नये.

पुळणीवर

कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे सकाळच्या पक्षीनिरीक्षकाचे भाग्य आहे. समुद्राकडे पाहताना सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यांचे रंग खरे दिसतात. मात्र तुमची लांब सावली पुढे पडते, तीही पक्ष्यांना दिसते. सरळ त्यांच्या दिशेने चालू नये. तिरपे, थांबत थांबत जावे. पक्ष्यांनी खाणे थांबवून माना वर केल्या की एवढेच अंतर पुरे असे समजावे.

थव्यातले कुरव (इंग्रजीत गल) प्रथम पाहावेत. हिवाळ्यात त्यांचे डोके पांढरे असून डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका असतो. मार्चमध्ये त्यांचा विणीचा रंग चढू लागतो, आणि एकाच थव्यात कोणाचा ठिपकाच आहे, कोणाचे डोके शाई सांडल्यासारखे अर्धवट रंगले आहे, कोणाला पूर्ण तपकिरी मुंडासे चढले आहे, असे सगळे टप्पे शेजारी-शेजारी उभे असतात. पुस्तकातल्या चित्राशी एकही पक्षी जुळत नाही म्हणून नवखा गोंधळतो. त्याने पुस्तक मिटावे, थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक डोके पाहत जावे आणि सर्वांत कमी रंगलेल्यापासून सर्वांत जास्त रंगलेल्यापर्यंत क्रम लावावा. धावत जाऊन थबकणारे छोटे चिखल्ये असतात. त्यांच्यातही काहींच्या छातीवर विटकरी पट्टा उमटू लागलेला असतो. खडकाळ टोकावर काळापांढरा, लांब केशरी चोचीचा पक्षी कालवे फोडताना दिसला तर नाव वेगळे शोधावे लागत नाही: तो कालवफोड्या.

वर पाहायला विसरू नये. शेपटीच्या टोकाला खाच असेल तर साधी काळी घार. पांढरे डोके, लालसर विटकरी अंग आणि गोल शेपटी असेल तर ब्राह्मणी घार; हर्णैसारख्या बंदरावर मासळी उतरते तेथे या दोघी एकत्र घिरट्या घालतात. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचललेले, पोट पांढरे आणि शेपटी पाचरीसारखी असेल तर तो समुद्री गरुड. हवेत तिन्ही एकदम आल्या तर आधी शेपट्या पाहाव्यात.

आंजर्ले किंवा वेळास येथे याच दिवसांत कासवांची पिले समुद्रात सोडतात. जाळीच्या कुंपणाच्या आसपास स्वयंसेवक सांगतील तेथेच उभे राहावे. पक्षी पाहण्याच्या नादात ओल्या वाळूवरच्या पिलांच्या वाटेत पाय पडू शकतो.

वही

फेरी संपल्यावर चहाला बसताच नोंद करावी, घरी जाऊन नव्हे. तारीख, तिथी, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, भरती चढती की उतरती, आणि मग पक्षी. ज्याचे नाव निश्चित झाले नाही त्याचे वर्णन लिहावे. अंदाजाने नाव लिहू नये. पहिल्या फेरीत पन्नास-साठ नावे मार्गदर्शकाच्या तोंडून ऐकू येतील, पण वहीत फक्त तीच लिहावीत जी तुम्ही पुन्हा एकटे असताना ओळखू शकाल. आठ-दहा भरली तरी सकाळ चांगली गेली असे मानावे. घरट्याची जागा कोणाला सांगू नये, आणि घरट्याचा फोटो मुळात काढूच नये.

अलिबागजवळच्या किहीम गावी सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास सुगरणींच्या एका वसाहतीकडे रोज पाहत बसून एकच नर एकामागून एक घरटी विणतो आणि निरनिराळ्या माद्यांशी जोडी जमवतो हे नोंदवले. त्यांना ते एकाच जागी परत परत जाऊन दिसले. तुमच्या वहीतले पुढचे पान म्हणूनच कोरे ठेवावे आणि पंधरा दिवसांनी त्याच पाखाडीने, जमल्यास त्याच तिथीच्या आसपास, परत जावे. पक्ष पालटला की भरतीची वेळ तीच येते. तोवर पांगाऱ्याला पाने फुटू लागली असतील, भोरड्या बहुधा गेलेल्या असतील, आणि उरलेल्या कुरवांत पांढरी डोकी किती राहिली ते मोजता येईल.